मदत हवी आहे : वेरूळजवळ चांगला हुरडा कुठे मिळेल?

मंडळी, सोलापूरचे आत्या-मामा जानेवारीत परत संभाजीनगरला येतायत. मागे आले ते वेरूळसाठी. कैलास लेणं डोळे भरून पाहिलं. पण घरी गेल्यापासून फोनवर विषय एकच, हुरडा! आगटीतून काढलेलं गरम कणीस, हातावर चोळून फुंकलेले हिरवे दाणे, सोबत लसणाची चटणी अन् दही. आता आधी हुरड्याची तारीख, मग लेणी.

मागच्या वेळी ज्या शेतकऱ्याकडे हुरडा खाल्ला, तो यंदा करत नाहीये. खुलताबाद-वेरूळ भागात कुणाच्या शेतात गूळभेंडी किंवा सुरती ज्वारीचा हुरडा मिळेल का? डीजे, रेन डान्सवाली ठिकाणं नकोत. मंगळवारी लेणी बंद, म्हणून बुधवार धरलाय. परतताना कुंथलगिरीचा पेढाही घ्यायचाय. खात्रीचं दुकान सांगा.