मदत हवी आहे : 'दऱ्या' दोन प्रकारे साठवल्यामुळे शोधात निम्म्या नोंदी सुटतात

आमच्या तालुक्यातील सार्वजनिक ग्रंथालयाची ग्रंथसूची संकेतस्थळावर आणण्याचे काम आम्ही काही वाचक मिळून करीत आहोत. पाने एचटीएमएलमध्ये असून एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे आणि शोधाची सोय साध्या जावास्क्रिप्टने केली आहे. जुन्या नोंदी पूर्वी एका लेगसी (युनिकोड न वापरणाऱ्या जुन्या) फॉन्टमध्ये टंकलेल्या होत्या, त्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या प्रमाणात, आणल्या. नव्या नोंदी स्वयंसेवक इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीने थेट टंकतात.

अडचण अशी, की 'दऱ्या' हा शब्द शोधला असता नव्या नोंदी सापडतात आणि जुन्या सापडत नाहीत, पडद्यावर मात्र दोन्ही अगदी सारख्याच दिसतात. अक्षरांचे संकेतांक उलगडून पाहिले तेव्हा जुन्या नोंदींत र (०९३०), हलन्त (०९४डी) आणि झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य जोडचिन्ह (२००डी) असा क्रम आढळला, तर नव्या नोंदींत शिफ्टसह जे दाबून येणारा ऱ (०९३१) आणि त्यापुढे हलन्त आहे. दोन्हींना एनएफसी नॉर्मलायझेशन (समतुल्य क्रमांना एकच रूप देणारी युनिकोडची प्रक्रिया) लावूनही फरक तसाच राहिला.

यांपैकी कोणते रूप कायम ठेवावे? ही सूची पुढे कधीतरी दुसऱ्या प्रणालीत न्यावी लागेल आणि तेव्हाही ती जशीच्या तशी वाचता यावी अशी माझी मनापासून इच्छा आहे, म्हणून आजचा शोध चालला एवढ्यावर थांबायचे नाही. जॉइनर सरसकट काढून टाकावा, असे एका मित्राने सुचवले आहे. ते योग्य ठरेल का?

प्रतिसाद १

जॉइनर सरसकट काढू नका. तो गेला की मागे र आणि हलन्त उरतात, त्यांचा रफार (पुढच्या अक्षराच्या डोक्यावरचा र) होतो, आणि पाकशास्त्राच्या पुस्तकातील 'आचाऱ्यांना' हा शब्द 'आचार्यांना' होऊन बसतो.

एनएफसी केवळ युनिकोड प्रमाणाने समतुल्य ठरवलेले क्रम एकत्र आणते. र आणि त्यापुढे सुटा नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असेल तर त्याचा ऱ होईल, पण जॉइनरच्या क्रमाला तशी समतुल्यता दिलेलीच नाही. युनिकोडला दोन्ही क्रम मान्य आहेत. मात्र जॉइनरचा मार्ग २.० या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवलेला आहे, त्यामुळे ऱ आणि हलन्त हेच रूप कायम करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून, र, हलन्त आणि जॉइनर या तिन्ही संकेतांकांचा सलग क्रम जिथे येईल तिथेच ऱ आणि हलन्त घाला. अन्यत्र आलेल्या जॉइनरला हात लावू नका. वाचक कोणत्या कीबोर्डने टंकेल हे आपल्या हाती नसल्यामुळे शोधपेटीत आलेल्या शब्दावरही, तुलना करण्यापूर्वी, हाच बदल करणे आवश्यक आहे. चाचणीसाठी 'ऱ्हास', 'तऱ्हा' आणि 'सुऱ्या' हे शब्द घ्या, आणि त्यांच्यासोबत 'दर्या' व 'सूर्या' हे रफाराचे शब्द अजिबात बदललेले नाहीत, याचीही खात्री करून घ्या.