मिनियापोलिसच्या हिवाळ्यात टिकणारी बहुवर्षायू फुलझाडे कोणती लावावीत?

प्रश्न

नमस्कार मंडळी. आम्ही मिनियापोलिसमध्ये (मिनेसोटा, अमेरिका) नुकतेच घर घेतले आहे. दक्षिणेला दिवसभर उन्हाचा एक वाफा आहे आणि उत्तरेच्या भिंतीलगत सावलीची चिंचोळी पट्टी आहे. माती चिकण असून पावसानंतर वाफ्यात पाणी साचून राहते. एकदा लावल्यावर दरवर्षी आपोआप फुटतील अशी फुलझाडे हवी आहेत. त्यांत पूजेसाठी शेवंती आणि जास्वंद असावी, अशी सासूबाईंची फार इच्छा आहे. कोणती रोपे निवडावीत, आणि हिवाळ्यात ती कशी झाकावीत?

उत्तर १

कोणत्या भागात किती थंडी पडते हे दाखवणाऱ्या अमेरिकी कृषी खात्याच्या २०२३ च्या नकाशात आपले शहर विभाग ५ मध्ये आले आहे, म्हणजे वर्षातील सर्वांत थंड रात्रीचे सरासरी तापमान उणे २९ अंश सेल्सिअसच्या थोडे वर धरले आहे. परंतु ही सरासरी आहे. ३० जानेवारी २०१९ रोजी येथे पारा उणे ३३ पर्यंत उतरला होता. त्यामुळे रोपाच्या चिठ्ठीवर विभाग ४ किंवा त्याहून कमी आकडा (म्हणजे अधिक थंडी सोसणारे रोप) असेल तरच ते घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उन्हात पिओनी, डे लिली आणि कोनफ्लॉवर लावावीत, सावलीत होस्टा. होस्टाची कोवळी पाने सशांना फार आवडतात, म्हणून वसंतात भोवती जाळी लावावी. पिओनी शक्यतो सप्टेंबरमध्ये लावावी आणि तिच्या गड्ड्यावरचे लालसर डोळे मातीखाली दोन इंचांपेक्षा खोल जाऊ देऊ नयेत. खोल गेल्यास झाड पानांनी भरते, पण फुलत नाही. तिला कळ्या धरण्यासाठी थंडी लागतेच, त्यामुळे आपल्याकडचा हिवाळा तिला मानवतो.

उत्तर २

वरील यादी योग्य आहे, पण आपल्या प्रश्नातील खरी अडचण थंडीपेक्षा साचणारे पाणी ही आहे. अनेक रोपे गोठून मरत नाहीत, तर ओल्या मातीत मुळे कुजून मरतात. लॅव्हेंडर तर चिकणमातीत हमखास जाते. वाफा सहा ते आठ इंच उंच करून त्यात भरपूर कंपोस्ट मिसळावे. नुसती वाळू मिसळू नये, कारण थोड्या वाळूने चिकणमाती उलट अधिक घट्ट होते.

आच्छादनाची घाई करू नये. जमीन गोठल्यानंतर, बहुधा नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, चार ते सहा इंच पेंढा किंवा सुकी पाने पसरावीत. झाडाला ऊब देणे हा त्यामागचा हेतू नसून गोठलेली जमीन गोठलेलीच ठेवणे हा आहे. आच्छादन नसेल तर मार्चमध्ये ती दिवसा वितळते, रात्री पुन्हा गोठते, फुगते, आणि नवे रोप मुळांसकट वर ढकलले जाते. वाळलेले दांडेही वसंतापर्यंत कापू नयेत, कारण त्यांच्यात अडकलेला बर्फ हे उत्तम पांघरूण असते.

उत्तर ३

शेवंतीविषयी लिहिते. शरद ऋतूत दुकानांत मिळणारी फुललेली कुंडी वाफ्यात लावली तर ती बहुधा जगत नाही, कारण मुळे धरायला तिला वेळच मिळत नाही. मिनेसोटा विद्यापीठाने थंडीत टिकणाऱ्या शेवंतीच्या जाती मुद्दाम विकसित केल्या आहेत. त्यांची रोपे मे महिन्याच्या मध्यानंतर, रात्रीची गोठवणारी थंडी संपल्यावर लावावीत.

भारतातली नेहमीची जास्वंद मात्र कुंडीतच ठेवून सप्टेंबरमध्ये घरात घ्यावी लागेल. वाफ्यासाठी तिची थंड प्रदेशातील बहीण (हार्डी हिबिस्कस) मिळते, तिची फुले ताटलीएवढी होतात. खरेदी करताना विभाग ४ ची जात मागून घ्यावी. हिवाळ्यात ती जमिनीपर्यंत पूर्ण मरते आणि इतर सगळे हिरवे झाल्यावर, कधी कधी जून उजाडल्यावर, कोंब काढते. मेली असे समजून लोक ती खणून टाकतात, म्हणून तिच्या जागी एक काठी रोवून ठेवा आणि जूनच्या मध्यापर्यंत तेथे फावडे लावू नका.