कोलॅजेनची पावडर: गुडघा बरा होतो की नुसतं बरं वाटतं?

पायरी_पायरी: आईच्या (वय ६७) दोन्ही गुडघ्यांची झीज झालीय. चार महिन्यांपासून ती रोज १० ग्रॅम कोलॅजेनची पावडर पाण्यात ढवळून घेते. आधी कठडा धरून, एका बाजूला वळून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरायची. आता सरळ उतरते. डॉक्टर मात्र म्हणतात, "घ्यायची तर घ्या, कूर्चा (हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी) काही परत उगवत नाही." डोळ्यांनी दिसतंय ते खोटं का?

खडूस बोका: कोलॅजेन हे प्रथिन, कूर्चेतही तेच असतं. पोटात गेलं की पचणार. केस खाऊन टकलावर केस येतात का?

रिकामटेकडी: बोकोबा, अर्धंच बरोबर. सगळं अमिनो आम्लांपर्यंत तुटत नाही. प्रोलिल-हायड्रॉक्सिप्रोलिनसारखे बारके पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचे तुकडे, रक्तात सापडलेत. आणि 'अनडिनेचर्ड टाइप टू' (मूळ रचना न मोडलेलं कोलॅजेन) हा प्रकार तर वेगळाच, त्याचा डोस फक्त ४० मिलिग्रॅम. तो वीट म्हणून नाही, आतड्यातल्या प्रतिकारशक्तीला शांत करायला देतात. २०१६ मध्ये १९१ जणांवर १८० दिवसांची चाचणी झाली, त्यात तो घेणाऱ्या गटाचं दुखणं कमी झालं.

खडूस बोका: त्या चाचणीला पैसा कोणाचा? बनवणाऱ्या कंपनीचाच! आणि रक्तात सापडलं म्हणजे गुडघ्यात बसलं असं नाही. कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात. १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ (किरणोत्सारी कार्बन) वाढला होता. त्याच्या खुणेवरून २०१६ मध्येच संशोधकांनी गुडघ्याच्या कूर्चेतल्या कोलॅजेनचं वय काढलं. वाढ पूर्ण झाल्यावर ते जवळपास बदलतच नाही, झिजलेल्या गुडघ्यातही नाही. तुमची पावडर तिथे काय दिवे लावणार?

पायरी_पायरी: मग आई नाटक करते?

दोन_काठ्या: नाही हो. कूर्चेत दुखणं कळवणारे मज्जातंतूही नसतात. दुखतं ते हाड आणि सांध्याचं अस्तर, त्यामुळे कूर्चा तशीच राहूनही दुखणं कमी होऊ शकतं. पण ग्लुकोसामीनची (सांधेदुखीवर घेतात ती पूरक गोळी) २००६ ची मोठी चाचणी आठवा. १५८३ रुग्ण होते. खोट्या गोळीवरच्या ६० टक्के लोकांचं दुखणं निदान २० टक्क्यांनी उतरलं! शिवाय गुडघेदुखी मुळातच चढउतार होणारी. फार दुखतं तेव्हाच माणूस डबा आणतो, नंतर आपोआप उतरतं, श्रेय डब्याला. वजन एक किलो घटलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो, ते मात्र कोणी डब्यात भरून विकत नाही.

रिकामटेकडी: तरी अपाय नसेल तर घेऊ दे की. पेनकिलरने पोट जाळून घेण्यापेक्षा बरं.

खडूस बोका: अपाय नाही हे उपाय असल्याचं सर्टिफिकेट नव्हे.

दोन_काठ्या: @पायरी_पायरी, त्याच सुमारास आणखी काही सुरू केलं होतं का?

पायरी_पायरी: हो... फिजिओने मांडीचे व्यायाम दिले होते. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं, त्याच आठवड्यात. आत्ताच आईला विचारलं, दोन्हीपैकी एक महिनाभर बंद करून बघायचं का? म्हणाली, "व्यायाम बंद कर. डबा अजून अर्धा आहे."