गळका गिझर: तुमच्याकडे पाणी नेमकं कुठून आलं?

नागपुरात गिझर लागतो तो हिवाळ्यापुरताच. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतूनच चटका बसेल असं पाणी येतं, मग त्या बटणाकडे कोण बघतो! दिवाळीनंतर गारठा पडला की बटण दाबायचं, आणि टपटप सुरू. आमच्याकडे यंदा तेच झालं. म्हणून अनुभव मागतोय. नुसतं 'नवीन घ्या' असं नको. पाणी कुठून येत होतं, कसं सापडलं, काय केलं ते लिहा. आलेली उत्तरं खाली, ज्याच्या त्याच्या वस्तीच्या नावानं.

मनीषनगर
आमचा 15 लिटरचा. लाल दिवा लागला की खालच्या व्हॉल्व्हमधून थेंब, दिवा विझला की थोड्या वेळात बंद. सोसायटीतले एक काका एम-सील घेऊनच आले, "बुजवून टाकू" म्हणे. बायकोनं त्यांना चहाला बसवलं, तेवढ्यात मिस्त्री आला म्हणून वाचलो. तो सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापलं की फुगतं. 25 अंशांचं 15 लिटर पाणी 60 अंशांवर नेलं की साधारण 200 मिली जागा जास्त मागतं. नळ बंद, मागे जायची वाटही बंद, मग ते व्हॉल्व्हमधूनच बाहेर पडणार. तोंड बुजवलं तर टाकी फुटायचा धोका. आम्ही तिथून एक बारीक नळी जाळीपर्यंत सोडली, बस. गिझर बंद असतानाही तिथून गळत राहिलं तर मात्र व्हॉल्व्ह खराब, नाहीतर पाण्याचा दाब जास्त.

बेसा
आमच्याकडे बोअरचं पाणी, बादलीवर पांढरा थर बसतो यावरून समजा. गळती खालच्या प्लास्टिकच्या कव्हरमधून होती. मिस्त्रीनं गिझरचा एमसीबी (विजेचा खटका) पाडला, पाण्याचा अँगल कॉक बंद केला, पाणी थंड होऊ दिलं, टाकी रिकामी केली आणि मग फ्लँजचे, म्हणजे टाकीच्या खालच्या झाकणाचे, नट खोलले. आतून ओंजळी भरभरून खपल्या निघाल्या. "भाऊ, हा गिझर होय का चुन्याची भट्टी?" म्हणाला. रबराचं गॅस्केट कडक होऊन एका बाजूनं चिरलं होतं, पाणी तिथूनच येत होतं. पण खरं बघण्यासारखं होतं ते टाकीतल्या मॅग्नेशियमच्या दांड्याचं रूप. बोटाएवढ्या जाड दांड्याच्या जागी मधली तार तेवढी उरली होती. टाकीचं लोखंड गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो, संपला की पाळी टाकीची. गॅस्केट आणि दांडा दोन्ही बदलले. आता दर हिवाळ्याआधी खोलून बघतो.

महाल
आमच्याकडे पाणी दिसलंच नाही आधी. पोरगा म्हणाला, "बाबा, नळाला हात लावला की झिणझिण्या येऊन राहिल्या." मेन स्विच पाडला तेव्हा कव्हरखाली ओल दिसली. वाड्यातली जुनी वायरिंग, अर्थिंग नावापुरतं. आता 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलाय, करंट गळला की लगेच पडतो. गळती छोटी म्हणून गिझर चालू ठेवून आंघोळ करणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार.

त्रिमूर्तीनगर
आमची टाकीच गेली. भिंतीच्या बाजूनं तांबूस ओघळ. ओळखीचा एक जण वेल्डिंग करून देतो म्हणाला, पण आत काचेचा लेप असतो, वेल्डिंगच्या आचेनं तो तडकतो. टाकीची वॉरंटी हीटिंग एलिमेंटपेक्षा लांब असते, ती बाकी होती. पण बिल दाखवा म्हटल्यावर निघाला कोरा कागद. त्या चकचकीत कागदावरची छपाई उडते. शेवटी ईमेलमध्ये पावती सापडली, तरी सर्व्हिस सेंटरवाल्यांनी चांगलंच झुलवलं. बिल घेतल्या घेतल्या फोटो काढून ठेवा बापा.

इतवारी
आमच्या आजीचा तांब्याचा बंब गळला की कासार डाख लावून द्यायचा, पुन्हा वर्षानुवर्षं बघायला नको. आता धुरामुळे शेजारी ओरडतात, म्हणून तो माळ्यावर.

मानेवाडा
सोलरवाल्यांनो, काचेच्या नळ्या टाकीत शिरतात तिथली रबरी रिंग बघा. आपल्याकडच्या उन्हात ती वाळते. आमची गळती तिथंच निघाली.
आणि बेसावाले भाऊ, दांडा कुठं मिळाला?

बेसा
बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात), गिझरच्या सुट्या भागांच्या दुकानात. जुना सोबत न्या, सगळ्यांचे आटे सारखे नसतात. आणि लांबीही मोजा, लांब दांडा आत बसत नाही.