पद्मिनी घाटात रुसते, मोगरा नुसता पानांनी भरलाय: सल्ला हवा

सातारकर_मृणाल

साताऱ्यात आमच्या घरापुढे बेताचं अंगण आहे. एका कडेला आईच्या मोगऱ्याच्या कुंड्या, त्यात बट मोगराही आहे आणि मदनबाणही. दुसऱ्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये नानांची १९८२ची प्रीमियर पद्मिनी. फिकट निळी, हॅण्ड गियरची, एमएच यायच्या आधीच्या नंबराची. नाना आता स्वतः चालवत नाहीत, पण मी किल्ली हातात घेतली की चपला घालून फाटकापाशी उभे.

मला उन्हाळा या दोन गोष्टींसाठीच आवडतो. रविवारी उजाडताना गाडी काढायची, पुढच्या दाराची ती तिकोनी काच वळवून वारा थेट तोंडावर घ्यायचा आणि यवतेश्वरचा घाट चढायचा. एसीच्या गाडीत ते सुख नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि संध्याकाळी आईबरोबर कळ्या खुडायच्या. टपोरी, पांढरी झालेली पण मिटलेली कळीच घ्यायची; हिरवट कळीला ती हात लावू देत नाही. ओल्या पंच्यात गुंडाळून ठेवलेल्या कळ्या जेवणं आटपेपर्यंत उमलतात आणि माजघरभर वास सुटतो.

आता अडचण. घाट चढून वर चहाला थांबलो की गाडी परत चालू होत नाही. सेल्फ छान फिरतो, पण इंजिन पकडत नाही. थंड झाली की पहिल्या झटक्यात चालू. इथला फिटर म्हणतो इंजिन खोलावं लागेल. आणि मोगरा यंदा हिरवागार आहे, पण कळ्या मोजक्याच. माळी महिन्याला शेणखत आणि युरिया घालतो. दोन्हीवर काय करू? "गाडी विकून टाका" हे नातेवाइकांकडून रोज ऐकतेय, ते इथे नको.

कार्ब्युरेटरवाले_काका (कोल्हापूर)

ताई, इंजिनाला हात लावू देऊ नका. गाडी ठणठणीत आहे. हा व्हेपर लॉक. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटून बसवलेला असतो. चालत्या गाडीत पंखा वारा देतो. तुम्ही घाट चढून लगेच बंद करता, पंखा थांबतो आणि बॉनेटखालची धग उलट वाढते. पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ होते, वाफ काय तो पंप ओढत नाही.

वर पोचल्यावर मिनिट-दोन मिनिटं गाडी तशीच चालू ठेवा, मग बंद करा आणि बॉनेट उघडं टाका. निघायच्या आधी पंपावर आणि पाइपावर ओलं फडकं ठेवा. मे महिन्यात आम्ही सगळे डिक्कीत पाण्याची बाटली आणि फडकं घेऊनच फिरायचो. कायमचा उपाय हवा तर पंप आणि इंजिनाच्या ब्लॉकच्या मध्ये धग अडवणारा जाड बेकेलाइटचा स्पेसर, म्हणजे मधला तुकडा, टाका, रेडिएटर साफ करून घ्या, फॅन बेल्ट सैल नाही ना बघा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडायचं नाही, कितीही घाई असो.

आणखी एक, हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं. जुने रबरी पाइप त्याने फुगतात, चिरतात. सगळे बदलून टाका.

अंगणातली_वैशाली (नाशिक)

मृणाल, युरिया आजच बंद. नत्र जास्त झालं की मोगरा पानांतच रमतो. शिवाय पत्र्याच्या शेडची सावली दुपारी कुंड्यांवर पडते का ते बघ. त्याला निदान सहा तास कडक ऊन लागतं.

मोगऱ्याला फूल नव्या फुटीवर येतं. म्हणून जानेवारीत पाणी तोडायचं, पानं झाडायची, छाटणी करायची आणि मग खत-पाणी चालू करायचं. आत्ता शेंडे वीतभर छाट, मूठभर राख आणि थोडा हाडांचा चुरा घाल. दुसरा बहर मिळेल. पानांच्या खालून सकाळी पाण्याचा फवारा मार, उन्हाळ्यात लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, तिथेच बसते.

ताडदेवचा_मुलगा

माझे वडील पद्मिनी टॅक्सी चालवायचे. मीटरच्या शेजारी रोज मोगऱ्याचा गजरा असायचा आणि दुपारपर्यंत उन्हाने तो तपकिरी व्हायचा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३मध्ये पासिंग झाली, वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात वडील फारसं बोलले नव्हते. तुमची गाडी खासगी आहे, दर पाच वर्षांनी पासिंग आणि ग्रीन टॅक्स भरला की चालवता येते. २०२१च्या नियमाने पन्नास वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. तुम्हाला यवतेश्वरला जायचंय, तेव्हा २०३२ साल आलं तरी त्या वाटेला जाऊ नका.

सातारकर_मृणाल

काका, फडकं चाललं! नानांनी स्वतः पंपावर ठेवलं आणि घाटात दोघा-तिघांना समजावूनही सांगितलं. सावलीचंही वैशालीताईंचं बरोबर निघालं, कुंड्या फाटकाच्या बाजूला हलवल्या. तो स्पेसर इथे मिळत नाहीये.

कार्ब्युरेटरवाले_काका (कोल्हापूर)

माझ्याकडे एक पडून आहे, घेऊन जा. येताना मदनबाणाची फांदी आणा, आमच्या हिला लावायचीये.

अंगणातली_वैशाली (नाशिक)

काका, आत्ता नको, या उन्हात फांदी धरणार नाही. पाऊस लागला की पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्या, खालची पानं काढून ओल्या वाळूत खोचा.