घरी बनवलेल्या ई-बाइक बॅटरीसाठी टिकाऊ कनेक्टर कुठला? (१३एस, २५ अँपिअर)

पेडलवाला
मंडळी, सल्ला हवाय. १८६५० सेलची १३एस (म्हणजे सेलचे १३ गट एकामागोमाग जोडलेली) बॅटरी घरीच बनवलीय, फुल चार्ज ५४.६ व्होल्ट, बीएमएस (सेल सांभाळणारं आणि गरज पडली तर करंट तोडणारं सर्किट) ३० अँपिअरचा, कंट्रोलर जास्तीत जास्त २५ अँपिअर खेचतो. बॅटरी रोज काढून घरात आणतो चार्जिंगला, म्हणजे कनेक्टर रोज काढायचा आणि रोज लावायचा. सध्या एक्सटी६० आहे. लावताना दरवेळी चट्‌ आवाज करून ठिणगी उडते, आणि लांबचा चढ चढून आलो की कनेक्टर हाताला चांगलाच गरम लागतो. काल नीट बघितलं तर निगेटिव्ह बाजूचं पिवळं प्लास्टिक तपकिरी पडायला लागलंय, पॉझिटिव्ह मात्र नव्यासारखी आहे. नावातच ६० आहे मग २५ ला काय अडचण यावी? एक्सटी९० घेऊ की अँडरसन पॉवरपोल? एकदा लावला की परत त्याचा विचार करायला लागू नये असं काहीतरी सांगा.

वायरमन_नाना
सगळ्यात आधी, तो तपकिरी पडलेला कनेक्टर आजच काढा, त्यावर गाडी चालवू नका.

आता नावातल्या आकड्याचं. तो ६० म्हणजे क्षणभराचा करंट. एक्सटी६० सतत चालायला साधारण ३० अँपिअरचा धरतात, एक्सटी९० ४०-४५ चा. म्हणजे तुमचे २५ कागदावर बसतात पण हातात फारसं काही उरत नाही, उन्हात बंद पेटीत तर अजून कमी. एवढ्यावरून एक्सटी९० घ्या असं मी म्हणेनच.

पण तुमची खरी खूण वेगळीच आहे. दोन्ही पिनांमधून करंट सारखाच जातो, जेवढा पॉझिटिव्हमधून गेला तेवढाच निगेटिव्हमधून परत येतो. कनेक्टर नुसता लहान पडला असता तर दोन्ही बाजू सारख्या तापल्या असत्या. एकच बाजू भाजलीय म्हणजे त्या बाजूचा जोड खराब आहे, एकतर आतलं सोल्डर कपात (पिनच्या मागे वायर बसते त्या पोकळ जागेत) नीट भरलेलं नाही नाहीतर पिनची पकड ढिली झालीय. हिशोब करून बघा, चांगल्या जोडाचा रोध १ मिलिओहमच्या आसपास किंवा खाली असतो, २५ अँपिअरला तिथे ०.६ वॅट उष्णता, काही जाणवत पण नाही. तोच जोड १० मिलिओहमवर गेला की ६ वॅटच्या वर, आणि ते एवढ्याशा प्लास्टिकच्या आत, बाहेर जायला जागाच नाही. एक्सटी९० आणून तसंच सोल्डर केलंत तर तोही तपकिरी पडेल, फक्त थोडा उशिरा.

चढउतार
नानांशी सहमत, पण रोज काढ-घाल असेल तर मी अँडरसनच सांगेन. त्यात गोल पिन नसते, चांदीचा मुलामा दिलेल्या दोन सपाट पट्ट्या एकमेकींवर घासत बसतात, मागे स्प्रिंग असते, त्यामुळे लावताना दरवेळी थोडी सफाई आपोआप होते. दोन्ही टोकं सारखीच, नर मादी भानगड नाही. शिवाय क्रिम्प करायचे असतात, म्हणजे वायरवर दाबून बसवायचे, सोल्डरचा प्रश्नच येत नाही. १५, ३० आणि ४५ अँपिअर तिघांची प्लास्टिकची घरं एकच आहेत, फक्त आतला कॉन्टॅक्ट बदलतो, तुम्ही ४५ वाला घ्या, त्यात १० गेजची वायर जाते (गेजचा आकडा जितका कमी तितकी वायर जाड).

दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक, त्याला लॉक नसतो, खड्ड्यांनी हळूहळू सरकतो, म्हणून क्लिप लावा किंवा बांधून टाका. दुसरी, लाल काळी घरं एकमेकांत खाचेने अडकवताना दोन्ही बाजूंना एकाच पद्धतीने अडकवा, एक जोडी उलटी लागली की प्लस मायनस उलटे जाऊन कंट्रोलर गेला समजा.

सोल्डरवाली
अँडरसन चांगला आहे पण तो क्रिम्पवर जगतो आणि क्रिम्पची योग्य पक्कड नसेल तर घेऊच नये. साध्या पक्कडीने दाबलेला कॉन्टॅक्ट वरून ठीक दिसतो, आत तारा मोकळ्या असतात, आणि परत तेच, एक बाजू गरम. हातात सोल्डरिंग आयर्न असेल आणि पक्कड नसेल तर एक्सटी९० हाच शहाणपणाचा रस्ता.

@पेडलवाला, ठिणगीकडे कुणी नीट बघितलंच नाही. कंट्रोलरच्या आत मोठे कपॅसिटर असतात, बॅटरी काढली की ते रिकामे होतात, आणि परत लावताना त्या क्षणी बॅटरीला ते शॉर्टसर्किटसारखेच दिसतात. १००० मायक्रोफॅरड आणि ५४.६ व्होल्ट धरले तर दीड ज्यूल ऊर्जा भरायची असते आणि सगळा करंट टोकावरच्या टाचणीएवढ्या जागेतून जातो. तिथला सोन्याचा मुलामा उडतो, खड्डा पडतो, काजळी बसते. रोज लावताय म्हणजे रोज एक खड्डा. तुमची पकड खराब व्हायला हे पण कारण असणार.

म्हणून साधा एक्सटी९० घेऊ नका, एक्सटी९०-एस घ्या, ज्याच्या तोंडाशी हिरवी रिंग असते. त्यात ५.६ ओहमच्या आसपासचा रेझिस्टर बसवलेला असतो. आधी त्याच्यातून कपॅसिटर भरतात आणि मग पिन पूर्ण आत जाते, त्यामुळे मुख्य संपर्काच्या जागी ठिणगी पडत नाही. लावताना अर्ध्यावर जेमतेम क्षणभर थांबायचं आणि मग शेवटपर्यंत दाबायचं, अर्धवट सोडायचं नाही. आणि कंट्रोलर बंद असतानाच लावायचा, चालू असेल तर त्या छोट्या रेझिस्टरमधून करंट वाहत राहतो. काढतानाही तसंच, मोटर फिरत असताना कधीच ओढू नका. डीसी करंट एसीसारखा शून्यावरून जात नाही त्यामुळे ओढलेला आर्क, म्हणजे सलग जळत राहणारी ठिणगी, आपोआप विझत नाही, आणि तिथे हिरवी रिंग काहीही मदत करत नाही.

पेडलवाला
खूप धन्यवाद सगळ्यांना, एक बाजूच तापली याचा अर्थ डोक्यातच आला नव्हता. आज हीट श्रिंक (जोडावरची गरम केल्यावर आवळणारी नळी) कापून बघितलं, नाना म्हणाले तेच, निगेटिव्हच्या कपात सोल्डर वरवर आहे, वायर हलवली तर आत हलते. हा कनेक्टर तयार वायर जोडूनच मिळाला होता. पक्कड नाही माझ्याकडे, आयर्न ६० वॅटचं आहे. एक्सटी९०-एस ठरवतोय. सोल्डर करताना काय काळजी घेऊ? आणि झाल्यावर जोड चांगला आहे हे कळणार कसं, चाक उचलून फिरवून बघू का?

सोल्डरवाली
चाक हवेत फिरवून काही कळणार नाही, लोडच नसतो, जेमतेम एक दोन अँपिअर जातात. बेंच पॉवर सप्लाय असेल तर बॅटरीला जोडायच्या आधीच तपासा. नुसत्या कनेक्टरची जोडी लावायची, एका बाजूच्या दोन्ही वायरची टोकं एकमेकांना जोडायची, दुसऱ्या बाजूने सप्लायमधून करंट ५ अँपिअरला बांधून सोडायचा आणि मल्टीमीटर मिलिव्होल्टवर ठेवून एका कपापासून समोरच्या कपापर्यंत मोजायचं. ५ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिओहम. दोन्ही पिना जवळपास सारख्या आल्या पाहिजेत, एक जास्त दाखवत असेल तर तो जोड परत करा, बरा दिसतोय म्हणून सोडू नका.

सोल्डर करताना चपटं रुंद टोक लावा, बारीक टोकाने ६० वॅट असले तरी उष्णता पोचत नाही. वायरला आणि कपाला आधी वेगवेगळं सोल्डर चढवून घ्या, फ्लक्सची कंजुषी नको. आणि समोरचा कनेक्टर घालून ठेवा, म्हणजे प्लास्टिक मऊ झालं तरी पिना सरळ राहतात. समोरचा म्हणून एखादा जुना वापरा, नवा नको.

वायरमन_नाना
जीवावरचं सांगतो. बॅटरीच्या वायर जिवंत आहेत, त्यांना स्विच नाही. एका वेळी एकच वायर कापायची, सोल्डर करायची, हीट श्रिंक बसवून गार होऊ द्यायची आणि मगच दुसरी उघडायची. दोन्ही एकदम कधी नाही. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. बॅटरीच्या बाजूला नेहमी मादी टोक, म्हणजे ज्यात धातू आत लपलेला असतो ते, उघडी पिन कंट्रोलरकडे.

वायर सिलिकॉनची घ्या, १२ गेज चालेल, लांबी जास्त असेल तर १०. सोल्डर तारांमधून वर चढतं आणि तेवढा भाग कडक होतो, मग गाडीच्या थरथरीने वायर बरोबर तो कडक भाग संपतो तिथे तुटते. टिकण्याच्या बाबतीत लोक कनेक्टरच्या ब्रँडवर भांडतात आणि हे विसरतात. मागे टोपी असलेला एक्सटी९० मिळतो तो घ्या, वर गोंदवाली हीट श्रिंक, आणि कनेक्टरपासून चार बोटांवर वायर फ्रेमला बांधा म्हणजे हादरा जोडावर येणार नाही. कनेक्टरच्या आधी वायरला खाली एक झोका ठेवा, पाणी तिथून टपकून जाईल.

चढउतार
ठीक आहे, पक्कड नसेल तर माझं अँडरसन मागे घेतो. एक मात्र करा, बॅटरीतून येणाऱ्या वायरला एक पक्का एक्सटी९० लावा आणि तो सहसा काढू नका, त्याच्या पुढे वीतभर वायरचा तुकडा ज्याच्या एका टोकाला साधा एक्सटी९० आणि दुसऱ्या टोकाला हिरवावाला. रोजची काढ-घाल त्या हिरव्यावरच. तो झिजला की तुकडाच नवा करून घ्यायचा, टेबलावर निवांत, बॅटरी उघडायला नको की जिवंत वायरवर आयर्न न्यायला नको. एक जोड वाढतो हे खरं, पण तो जोड तुम्ही मोजून लावलेला असेल.

आणि कनेक्टर चांगल्या कंपनीचाच घ्या. अमास ही एक्सटी कनेक्टर बनवणारी कंपनी, तिच्या कनेक्टरवर नाव प्लास्टिकमध्येच कोरलेलं असतं. नकलेत पिना सैल असतात आणि प्लास्टिक आयर्न लागताच लोण्यासारखं मऊ होतं.

पेडलवाला
तुकड्याची आयडिया फारच आवडली, तसंच करतो. शेवटचा प्रश्न, बॅटरीत फ्यूज नाहीये, बीएमएस आहे म्हणून घातला नव्हता. गाड्यांमधला पात्यांचा ३० अँपिअरचा पडून आहे, तो त्या तुकड्यात टाकू का?

वायरमन_नाना
फ्यूज हवाच, बीएमएसचे मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे आतले इलेक्ट्रॉनिक स्विच) बिघडतात तेव्हा बहुतेक वेळा चालू अवस्थेतच अडकून बसतात, मग शॉर्टला अडवणारं कुणी नाही. पण तो पडून असलेला नको. त्याच्या पाकिटावर किंवा पात्यावर बघा, ३२ व्होल्ट लिहिलेलं असेल. ५४.६ व्होल्ट डीसीवर तो वितळेल पण आत आर्क तसाच जळत राहू शकतो. तशाच आकारात ५८ व्होल्टचे मिळतात, ३० अँपिअरचा तो घ्या आणि तुकड्यात नाही, बॅटरीच्या पॉझिटिव्हला पेटीच्या आत, सेलपासून जितका जवळ बसवता येईल तितका.