श्रुतिका परत येणार म्हणे. येणार कुठून?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)
परवाच्या लेखकभेटीला सांगलीतल्या वाचनालयात खुर्च्या कमी पडल्या, लोक पुस्तकांच्या कपाटांना टेकून उभे होते. पाहुणे वर्षानुवर्षं आकाशवाणीसाठी लिहीत आलेले. अर्धा तास बोलले, मग दिवे मालवून चौघांनी पंधरा मिनिटांची एक श्रुतिका, म्हणजे नुसतं ऐकायचं रेडिओनाटक, वाचली. शेवटी दाराची कडी वाजते आणि संपतं. कुणीतरी बटणाकडे गेलं तर मागून आवाज आला, "थांब की जरा." प्रश्नोत्तरांत एकच विषय: हे रेडिओवर परत कधी? लेखक म्हणाले, येईल. लोकांचे डोळे दमलेत, कान मोकळे आहेत.

मला पटतं. दिवे मालवून ऐकणंही आजचं नाही. खास रेडिओसाठी लिहिलेलं पहिलं नाटक म्हणून जे सांगतात, ते रिचर्ड ह्यूज यांचं, बीबीसीवर १५ जानेवारी १९२४ ला झालेलं. ते कोळशाच्या खाणीत घडतं आणि सुरुवातीलाच दिवे जातात. ऐकणारा आणि पात्रं एकाच अंधारात. आणि आपलं गाव कुठलं? १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर', पहिलं मराठी नाटक म्हणतात ते, केलं ते. १९६३ पासून आकाशवाणीचं केंद्र आहे. नव्या श्रुतिकांना आठवड्याला अर्धा तास द्या, असं निवेदन सह्या गोळा करून द्यावं असं मी म्हणते.

खरखर
सह्या करू, पण ऐकणार कशावर ताई? सांगली केंद्र १२५१ किलोहर्ट्झ, म्हणजे मिडियम वेव्ह. मोबाइलमध्ये मिडियम वेव्ह नसतं. ज्या फोनांत एफएम आहे त्यांना एरियल म्हणून इयरफोनची वायर लागते आणि नव्या फोनांना ते भोकच ठेवलेलं नाही. घरात जुना ट्रान्झिस्टर असलाच, तर एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर यांची गुरगुर नेमकी याच पट्ट्यात येते. ट्रान्झिस्टरजवळचा चार्जर काढून बघा, खरखर किती उतरते ते.

शिवाय आपल्याकडे मिडियम वेव्हवर एका केंद्राला ९ किलोहर्ट्झचीच जागा, त्यामुळे आवाज साडेचार किलोहर्ट्झच्या आसपास कापला जातो. 'स' आणि 'फ' वेगळे ओळखू येतात ते बरंचसं त्याच्या वरच्या भागामुळे. गाणं निभतं, कुजबूज निभत नाही. आणि श्रुतिकेत अर्धं नाट्य कुजबुजीतच असतं.

दुसरं. वाचनालयातली शांतता शंभर जणांनी मिळून पाळलेली असते. घरी कुकर असतो.

हळदबाजार
सहमत. आकाशवाणीवरच्या 'पुन्हा प्रपंच'मधल्या टेकाडे भावजी आणि मीनावहिनींना अख्खा महाराष्ट्र ओळखायचा, कारण घरात करमणुकीचं तेवढं एकच यंत्र होतं. अमेरिकेत टीव्ही घरोघरी पोचला आणि ३० सप्टेंबर १९६२ ला सीबीएसने आपल्या शेवटच्या दोन नाट्यमालिका एकाच संध्याकाळी गुंडाळल्या. मागणी मेली नव्हती, जाहिराती टीव्हीकडे गेल्या होत्या.

आता खर्च धरा. पंधरा मिनिटांच्या श्रुतिकेला लिखाणाचा एक आठवडा, तीन-तीन तासांच्या दोन तालमी, चार तास रेकॉर्डिंग. संपादनात एका मिनिटाला अर्धा तास सहज जातो, म्हणजे ते सात-आठ तास वेगळे. हे सगळं चार कलाकार, एक लेखक आणि एक तंत्रज्ञ यांच्या डोक्यावर. चहा-वड्यावर पहिली होईल. तिसरी कोण करणार?

कृष्णाकाठ
मग बीबीसी रेडिओवर 'द आर्चर्स' हे मालिका-नाटक १९५१ पासून आजतागायत कसं चालू आहे? टीव्ही तिथेही आला की.

हळदबाजार
तिथे प्रेक्षक लायसन फी भरतात, त्यातून बीबीसी चालते. आपल्याकडेही रेडिओचं लायसन पोस्टात जाऊन काढावं लागायचं. ते बंद झालं तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. फुकट हवं आणि दर आठवड्याला नवं हवं, हे जमत नाही.

माइकमागे
खरखरराव, तांत्रिक माहिती बरोबर, निष्कर्ष चुकला. मिडियम वेव्हवरच अनेक दशकं श्रुतिका झाल्या, कारण करणाऱ्यांना माहीत होतं काय पोचतं आणि काय नाही. खऱ्या पावसाचं रेकॉर्डिंग रेडिओवर भजी तळल्यासारखं ऐकू येतं. म्हणून पाऊस छत्रीवर पाडायचा. उघडी छत्री माइकपासून हातभर लांब धरा, वरून मुठीतून मोहरी थोडी थोडी सोडा. टपटप मोजता येते, आणि पात्र पावसात उभं आहे हे एकही वाक्य न बोलता कळतं.

आणि स्टुडिओ नाही म्हणून अडायचं कारण नाही. वाचनालयाची वाचनकक्षाची नव्हे, पुस्तकसाठ्याची खोली घ्या. कपाटांत खालीवर, पुढेमागे लागलेली पुस्तकं आवाज विस्कटून टाकतात, घुमू देत नाहीत. समोरच्या कोऱ्या भिंतीवर दोन वाकळी दोरीवर टांगा, भिंतीला चिकटवून नको, वीतभर पुढे. पंखा बंद. जुनी ट्यूबलाइट असेल तर तीही बंद. तिच्या चोकची गुणगुण सगळ्या रेकॉर्डिंगभर पसरते आणि नंतर काढायला गेलं की आवाजाची जान जाते.

माइक डायनॅमिक घ्या, तो जवळचाच आवाज घेतो. कंडेन्सर रस्त्यावरची रिक्षासुद्धा आत घेतो. चौघांना चार माइक देऊ नका, एकाचा आवाज चारही माइकांत किंचित मागेपुढे पोचतो आणि डब्यातून बोलल्यासारखा होतो. दोन पुरेत. तोंडापासून वीतभर, नाकासमोर नाही, जरा तिरका, म्हणजे 'भ' आणि 'फ'चे फटके बसत नाहीत. रेकॉर्डिंगच्या मीटरवर पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, ओरडण्याला जागा राहते.

संहितेला पिन मारायची नाही. सुटी पानं, एकाच बाजूला छापलेली. वाचून झालेलं पान उलटायचं नाही, बाजूला सरकवायचं. बांगड्या काढा, सळसळणारी साडी नको, खिशातली किल्ली बाहेर. आणि सुरुवातीला कुणीही न बोलता ३० सेकंद खोलीची शांतता रेकॉर्ड करा. संपादनात खोकला कापला की तिथे भोक पडतं, ते याच शांततेने बुजवायचं. ही एक गोष्ट नवखे हमखास विसरतात.

एक फसगत मात्र सगळ्यांची होते. लांबून हाक द्यायची म्हणून नट खोलीच्या कोपऱ्यात जाऊन ओरडतो. त्याने शेत उभं राहत नाही, मोठी खोली उभी राहते. शेतातली हाक हवी तर माइककडे पाठ करून वाकळीत तोंड घालून ओरडायचं. दिसायला हास्यास्पद, ऐकायला शिवार.

पडद्यामागची
माइक सुधारेल हो, लिखाणाचं काय? रंगमंचावरचं नाटक बसून वाचलं म्हणजे श्रुतिका होत नाही, आणि हल्ली उत्साहात नेमकं तेच होतं. "अरे, तू हातात सुरी घेऊन दाराशी का उभा आहेस?" असली वाक्यं ऐकली की रेडिओ बंदच करावासा वाटतो. सुरी दिसत नाही म्हणून ती सांगायची नसते. समोरच्याचा आवाज बदलतो, त्यावरून कळली पाहिजे.

पंधरा मिनिटांना सोळाशे-सतराशे शब्द, त्याहून जास्त नको. नाहीतर विराम खाल्ले जातात. एका प्रसंगात तीन आवाज, फार तर चार. सारख्या वयाच्या दोन बायका एकत्र आणू नका. अर्धा मिनिट गप्प राहिलेलं पात्र ऐकणाऱ्याच्या लेखी खोलीतून निघून गेलेलं असतं, त्याला अधूनमधून हुंकार तरी द्या.

यात मराठी आपल्याला फुकट मदत करते, ती वापरा. "गेले होते" म्हटलं की बोलणारी बाई, "गेलो होतो" म्हटलं की पुरुष. ओळख करून द्यावी लागत नाही. "अहो" आणि "अरे" यांतून नातं एका शब्दात बसतं. नवऱ्याला "अहो" म्हणणारी बाई भांडणाच्या ऐन मध्यात एकदाच "अरे" म्हणाली, तर दिव्यांचा खेळ करून जे साधणार नाही ते साधतं. जतकडचा कानडी हेल आणि कोरेगावचा "व्हय" वेगळे ठेवले की गावही कळतं. मला पुनरुज्जीवनाची चिंता नाही, असं लिहिणारे कमी आहेत याची आहे.

कंदीपेढा
सातारकडून हजेरी. केंद्राच्या मागं लागण्यापेक्षा सामुदायिक रेडिओ बघा की. आमच्या जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग २००८ पासून चालू आहे. १०० वॅटचं मशीन, दहा-पंधरा किलोमीटर टप्पा, आणि निम्मा कार्यक्रम स्थानिक लागतोच, नियमच आहे. त्यांना सामग्री हवी असते, तुम्हाला वेळ हवा. बाकी, त्या दिवशीचं कुणी मोबाइलवर रेकॉर्ड केलं असंल तर टाका ना इथं.

कलम_बावन्न
टाकू नका. हौशी मंडळाने, तिकीट न लावता, समोर बसलेल्यांपुढे नाट्यप्रयोग करणं याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. रेकॉर्ड करून इंटरनेटवर ठेवणं त्या सुटीत बसत नाही. लेखक खुशीने वाचू देतो म्हणजे सगळं देतो असं नाही. परवानगीच्या पत्रात रूपांतर, ध्वनिमुद्रण, प्रसारण आणि इंटरनेट हे चारही शब्द वेगवेगळे लिहून घ्या, मानधन शून्य असलं तरी.

फुकटात सुरुवात करायची तर मृत्यूनंतर ६० वर्षं उलटलेले लेखक घ्या. देवल १९१६ ला गेले, गडकरी १९१९ ला, खाडिलकर १९४८ ला. देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे, घरचंच धन. फक्त मूळ संहिता घ्या, कुणी अलीकडे केलेलं संक्षिप्त रूप नको, त्यावर वेगळा हक्क असतो.

खरखर
देवलांची पदं श्रुतिकेत कोण गाणार, हा नवा खर्च.

असो. छत्रीवरची मोहरी मान्य. तरी माझं म्हणणं तेच आहे: तुम्ही कराल ते चांगलं होईल, लोक ते बसमध्ये कानात बोंडं घालून एकेकटे ऐकतील, मधेच थांबवतील, दुसऱ्या दिवशी पुढे लावतील. स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकायचं अ‍ॅप २०१७ पासून मराठीत आहे, ऐकणारे तिकडे आहेतच. पण सगळ्यांनी एका वेळी एकच गोष्ट ऐकायची, हे त्यात नाही. रेडिओ त्याला म्हणायचा माझा तरी धीर होत नाही.

कृष्णाकाठ
मग दोन्ही करू. महिन्याच्या एका शनिवारी वाचनालयात दिवे मालवून आधी सगळ्यांनी ऐकायचं, त्यानंतरच मोबाइलवर सोडायचं. निवेदनाच्या सह्या चालूच राहतील. संहिता वाचायला पडद्यामागची, हो म्हणा.

पडद्यामागची
वाचते. लाल पेन घेऊन वाचते, आधीच सांगून ठेवते.

माइकमागे
शनिवार ऐकण्यासाठी ठीक. रेकॉर्डिंग मात्र रात्री साडेनऊनंतर ठेवा, त्याआधी समोरच्या वळणावर एसटी गिअर बदलते ती प्रत्येक टेकमध्ये येईल. कबुतरंही तोवर गप्प होतात. साठ्याच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते ते आधी विचारून घ्या.